मळणीयंत्रास मोटार किती अश्वशक्तीची असावी?

मळणीयंत्र घेतांना मोटारीची निवड विक्रेत्याच्या शब्दावर सोंपविण्याचा प्रघात पडला आहे. त्याचा परिणाम गेल्या रबींत आमच्या शेजारच्या खळ्यावर आम्हीं प्रत्यक्ष पाहिला. मोटार पांच अश्वशक्तीची, आणि यंत्रास भलें थोरलें फ्लायव्हील. चाक वेगास येण्यापूर्वींच स्टार्टर वारंवार पडूं लागला. गड्यानें कंटाळून रिले तारेनें बांधून टाकला. तिसऱ्या दिवशीं मोटारीचें वाइंडिंग जळालें. गहूं खळ्यावर आणि आभाळ भरून आलेलें!

हिशेब अर्धाच झाला होता. पेंढ्या झोडण्यास किती शक्ति लागते हें सर्व जण पाहतात. परंतु थांबलेलें जड चाक वेगास आणण्यास लागणारी ऊर्जा निराळी. रुतलेली गाडी काढतांना बैलांच्या माना कशा ताणतात, हें ज्यानें पाहिलें त्यास अधिक सांगणें नको.

समजा, चाकाच्या धांवेचें वजन १०० किलो, मध्यापासून तिचें अंतर ४० सेंटिमीटर व वेग मिनिटास ६०० फेरे आहे. अशा चाकांत सुमारें ३१,६०० जूल ऊर्जा सांठवावी लागते. एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट. मोटारीचा पूर्ण भाराइतका जोर केवळ चाकासच मिळाला, तरी पांच अश्वशक्तीस सतरा सेकंद लागतात, साडेसातीस सुमारें अकरा. (ही साडेसाती मात्र हितकारक!) तेवढ्या अवधींत, चाकांत सांठते जवळजवळ तितकीच उष्णता मोटारीच्या रोटरांत निर्माण होते. म्हणून पडलेला स्टार्टर लागोपाठ दाबणें घातक होय. चाकाचा वेग दुप्पट केल्यास ऊर्जा चौपट लागते, हेंहि पुली बदलणारांनीं ध्यानांत घ्यावें.

स्टार-डेल्टा स्टार्टरनें आरंभींचा प्रवाह एक तृतीयांश होतो, पण जोरहि एक तृतीयांशच उरतो. ही दुसरी बाजू विक्रेते सहसा बोलत नाहींत. त्यांत आपल्याकडील विजेचा दाब! ४१५ व्होल्टांऐवजीं ३३२ मिळाले तर जोर ६४ टक्क्यांवर येतो.

मात्र फ्लायव्हील काढून टाकूं नये. जाड पेंढी आंत गेली असतां तिचा धक्का तेंच सोसतें. खरेदीपूर्वीं चाकाचें वजन, व्यास व फेरे विचारून घ्यावे, आणि यंत्र नेहमीं रिकामेंच सुरू करावें.

शेजाऱ्यांनीं अखेर साडेसात अश्वशक्तीची मोटार घेतली. त्यासाठीं मंजूर भार वाढवून घ्यावा लागला, आणि रिलेची तार आम्हीं स्वतः उभे राहून काढविली.