मोठा ट्रॅक्टर घ्यावा की आहे तोच ठेवावा?



सुगी आटोपून भाताची विक्री झाली, उसाचे बिल जमा झाले, की खानापूर व बेळगाव तालुक्यांतील आमच्या पुष्कळ घरी एकच चर्चा सुरू होते. दारात १५ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर उभा असतो. मुलगा म्हणतो, "बाबा, हा देऊन टाकू, २५-२८ चा घेऊ." बाप गप्प बसतो आणि आई गळ्यातल्या सोन्याला हात लावून पाहते. कारण पहिल्या ट्रॅक्टरच्या वेळी ते सोने कोठे गेले होते, हे तिला आठवत असते.

मुलगा चुकतो असे आम्ही म्हणत नाही, आणि बापाची भीतीही खोटी नाही. परंतु हा निर्णय हौसेवर किंवा शेजाऱ्याच्या अंगणाकडे पाहून घेण्याचा नव्हे. तो हिशेब मांडून घ्यावा, म्हणून चार गोष्टी येथे सांगत आहोत.

१. दोष ट्रॅक्टरचा की आणखी कशाचा?

"ट्रॅक्टर ओढत नाही" ही तक्रार आली, की प्रथम इंजिनाकडे बोट दाखवू नये. हवा गाळणी धुळीने भरली असेल तर इंजिन धूर टाकते व दम सोडते. मागच्या टायरची नक्षी झिजली असेल तर ताकद असूनही चाक जागीच फिरते. रोटावेटरची पाती बोथट झाली असतील तर तीच माती उकरायला दीडपट जोर लागतो. पुष्कळदा औजारच ट्रॅक्टरच्या मानाने मोठे असते. १५ अश्वशक्तीला सुमारे ३ फुटी रोटावेटर पेलतो, २५-२८ ला ४ फुटी. लहान ट्रॅक्टरला ४ फुटी जोडून मग त्याला दोष देणे म्हणजे वासराला जुवाला जुंपण्यासारखे आहे.

चाक घसरत असेल तर मागच्या टायरात पाणी भरून किंवा लोखंडी वजने लावून पकड वाढवता येते. चिखलणीला लोखंडी चाके लावता येतात. हे सारे उपाय काही हजारांत होतात. ते करून पाहिल्यावरही काम अडत असेल, तरच पुढचा विचार करावा.

२. वेळ किती वाचेल?

३ फुटी रोटावेटर ताशी अडीच किलोमीटर वेगाने चालवला आणि वळणे, थांबे यांत चौथा हिस्सा वेळ गेला असे धरले, तर एका एकराला सुमारे २ तास २४ मिनिटे लागतात. ४ फुटीला त्याच वेगाने सुमारे १ तास ४८ मिनिटे. म्हणजे एकरी ३६ मिनिटांची बचत.

आता ज्याची जमीन ५ एकर आहे आणि वर्षातून प्रत्येक एकरावर रोटावेटरच्या चार पाळ्या होतात, त्याच्या २० एकर-पाळ्या झाल्या. त्याचे वर्षात वाचले १२ तास! मोठे इंजिन तासाला डिझेलही जास्त पिते. त्यामुळे एकरी डिझेलात फार बचत होईल, अशी आशा धरू नये.

मात्र एक गोष्ट खरी आहे. सगळे तास सारखे नसतात. पावसाची उघडीप दोनच दिवस मिळते आणि त्यांत चिखलणी उरकावी लागते, किंवा रताळ्याच्या वेलांची लावण वाफशावर साधावी लागते, तेव्हा ते काही तास सोन्याचे असतात. तुमचे काम दर वर्षी अशा वेळी अडून पीक मागे पडते काय, हे पाहावे. अडत असेल तर मोठ्या ट्रॅक्टरच्या बाजूने ते सर्वांत सबळ कारण होय.

३. पैसा कोठून येईल?

उदाहरणादाखल आकडे धरू. नवा ट्रॅक्टर ६ लाखांचा, जुन्याचे १ लाख ८० हजार आले, तर कर्ज ४ लाख २० हजारांचे. दसादशे १० टक्के व्याजाने पाच समान वार्षिक हप्त्यांत फेडायचे म्हटले, तर हप्ता सुमारे १ लाख ११ हजारांचा होतो. पाच वर्षांत व्याजच सुमारे १ लाख ३४ हजार जाते.

मोठा ट्रॅक्टर गरजेपुरता भाड्याने घेतला आणि भाडे ताशी १००० रुपये धरले, तर एका हप्त्याच्या पैशांत वर्षाला १११ तास काम करून मिळते. ५ एकरवाल्याला इतके तास लागतात काय?

कोणी म्हणेल, "आम्ही दुसऱ्यांची कामे करून हप्ता भागवू." तोही हिशेब मांडू. ताशी १००० मिळाले, त्यांतून डिझेल, चालकाची मजुरी व दुरुस्ती यांत ५०० गेले, तर हातात ५०० राहतात. हप्त्यासाठी वर्षाला २२२ तास, म्हणजे रोज ७ तास धरले तर ३२ दिवस बाहेरचे काम मिळाले पाहिजे. आणि हंगामात ज्या दिवशी शेजाऱ्याला ट्रॅक्टर हवा, त्याच दिवशी तुमचेही शेत वाट पाहत असते! गावात आधीच किती ट्रॅक्टर आहेत, उधारी किती दिवसांनी वसूल होते, हेही मनाला विचारावे.

दोन गोष्टी शेतकऱ्याच्या बाजूच्या आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील जी.एस.टी. १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणला गेला. ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग यांवरचाही १८ वरून ५ झाला. म्हणून विक्रेत्याकडून दर घेताना मूळ किंमत व कर वेगवेगळे लिहून मागावेत. दुसरे, यंत्रांसाठी सरकारी अनुदानाच्या योजना आहेत. त्यांत कोणती यंत्रे बसतात व यंदा निधी आहे काय, हे आपल्या होबळीच्या रैत संपर्क केंद्रात आधी विचारावे. विक्रेत्याच्या तोंडच्या "अनुदान मिळेलच" या शब्दावर विसार देऊ नये. कर्नाटकात २०१४-१५ पासून 'कृषी यंत्रधारे' या नावाने औजारे भाड्याने देणारी केंद्रे सुरू झाली. आपल्या जवळच्या केंद्रात काय मिळते, तेही पाहून यावे.

४. आपल्या जमिनीला तो मानवेल काय?

खानापूरच्या बाजूची भाताची खाचरे लहान, बांध अरुंद. तेथे लांब ट्रॅक्टर वळतच नाही आणि कोपरे पुन्हा कुदळीनेच काढावे लागतात. उसात बाळबांधणी किंवा भरणी करायची असेल तर ट्रॅक्टरची एका टायरच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंतची रुंदी मोजून घ्यावी. साडेचार फुटी सरीत ऊस न मोडता तो जातो की नाही, हे कागद सांगत नाही, टेप सांगते. काजूच्या बागेत खालच्या फांद्यांची उंची पाहावी. वडगाव-शहापूर भागातील काळ्या रानात ओल असताना जड यंत्र घातले, तर माती दबून पुढे मुळांना त्रास होतो.

म्हणून विक्रेत्याला सांगावे, "तुमच्या मैदानात नको, आमच्या शेतात चालवून दाखवा." ओल्या शेतात चारही चाकांना जोर देणारा ट्रॅक्टर उपयोगी पडतो, निव्वळ कोरडवाहू कुळवणीसाठी त्याची जादा किंमत मोजण्याची गरज नाही.

जिवाची काळजी

या पानावर आरोग्याचा विषय असतो, आणि ट्रॅक्टर हा आरोग्याचाही विषय आहे. २८ अश्वशक्तीचा छोटा ट्रॅक्टर म्हणजे ऊसवाहतुकीचा ट्रॅक्टर नव्हे. त्याचे स्वतःचे वजन टनाच्या आसपास. त्याला चार-पाच टनांची ट्रॉली जोडली, तर चढावर पुढची चाके उचलतात आणि उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेते. मागे उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत. उडी मारायला वेळ मिळत नाही. ओढायचे वजन नेहमी खालच्या आकड्यालाच जोडावे, वरच्या दांड्याला कधीही नाही. रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पॅडले एकत्र जोडावीत आणि उतारावर गाडी न्यूट्रल करू नये.

चालकाच्या मागे लोखंडी संरक्षक कमान व सीटचा पट्टा असलेला ट्रॅक्टर घ्यावा. स्वीडनमध्ये १९५९ पासून नव्या ट्रॅक्टरवर असे संरक्षण सक्तीचे झाले आणि उलटून होणारे मृत्यू पुढे जवळजवळ थांबले. पैसे वाचवायचे असतील तर रंगीत दिवे व गाण्याच्या यंत्रावर वाचवावेत, कमानीवर नाही. कमान असेल तर पट्टाही बांधावा.

मागचा फिरता दांडा, ज्याला आपण पी.टी.ओ. म्हणतो, मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला ९. लुंगीचे टोक, साडीचा पदर किंवा खांद्यावरचा टॉवेल त्यात गेला, तर हात मागे घेईपर्यंत माणूस आत ओढला जातो. त्यावरचे झाकण काढून फेकू नये, आणि इंजिन बंद केल्याशिवाय रोटावेटरमधले गवत काढू नये. मडगार्डवर मुले बसवू नयेत. लग्नाला किंवा जत्रेला जाताना ट्रॉलीत माणसे भरू नयेत. अपघात झाल्यास जीव जातो आणि विम्याची भरपाईही अडते.

दिवसभर हादरे बसल्याने कंबर धरते. बसण्याची जागा व तिची स्प्रिंग चांगली असणे ही चैन नव्हे. दर दोन तासांनी खाली उतरून पाय मोकळे करावेत, पाणी प्यावे, कानांत बोळे घालावेत.

मग करावे काय?

आमचे म्हणणे थोडक्यात असे. एक वही घ्या आणि येत्या मिरगापासून वर्षभर लिहा: कोणते काम, किती तास, किती डिझेल, बाहेरून भाड्याने किती घेतले, कोठे काम अडले व त्यामुळे काय नुकसान झाले. ही वही घरातल्या बायकांसमोरही वाचावी, कारण हप्ता चुकला तर पहिली झळ त्यांनाच लागते.

पाच एकरांखालच्या एकट्या कुटुंबाला बहुधा आहे तोच ट्रॅक्टर नीट ठेवून नड पडेल तेव्हा मोठा भाड्याने घेणे परवडेल. दहा-बारा एकर असतील, बाहेरचे काम खात्रीने मिळत असेल, किंवा दोन-तीन भाऊ एकत्र येऊन घेत असतील, तर मोठ्या ट्रॅक्टरचा विचार जरूर करावा. मात्र भावाभावांत आधीच कागदावर लिहावे की चिखलणीच्या दिवसांत पाळी कोणाची, डिझेल कोणाचे आणि मोडतोड झाल्यास खर्च कोणाचा. तोंडी ठरलेल्या गोष्टींवरून अबोला धरलेली घरे आम्ही पाहिली आहेत.

आणि काहीही ठरले, तरी जमीन व घरातले सोने एकाच वेळी गहाण टाकू नये. एक तरी गोष्ट मोकळी असावी. पाऊस दगा देतो, आजारपण सांगून येत नाही, आणि हप्त्याची तारीख मात्र कोणासाठी थांबत नाही.