जुना मालक खोटे सांगत असेल तर?



आपल्या मलाजखंडची बरीच मुले आयटीआय करून नागपूर, भिलाई, पुण्याकडे नोकरीला जातात. दिवाळीला आलेला एक माजी विद्यार्थी म्हणाला, "सर, मुलाखत चांगली होते, पण नंतर फोनच येत नाही." शेवटी कळले, की त्याचा जुना ठेकेदार विचारणाऱ्यांना 'हा न सांगता काम सोडून पळाला' असे सांगत होता. खरे तर मुलाने महिनाभर आधी लेखी राजीनामा दिला होता. सुदैवाने त्याची सही-शिक्क्याची पोच त्याने जपून ठेवली होती. तीच कामी आली.

अशा वेळी फोनवर भांडू नये. आधी कोणाला, कधी, नेमके काय सांगितले ते शोधावे. शक्य असल्यास नव्या कंपनीकडून ते लेखी घ्यावे. मग नेमणूकपत्र, पगारपत्रके, बँकेतल्या पगाराच्या नोंदी व भविष्य निर्वाह निधीचे पासबुक गोळा करावे. किती काळ काम केले हे त्यातून दिसते. त्यांच्या प्रती जोडून जुन्या मालकाला स्पीड पोस्टने पत्र पाठवावे, चूक सुधारून मागावी. नव्या ठिकाणी ही अडचण आपणच आधी सांगावी आणि कामाची माहिती असलेल्या दुसऱ्या वरिष्ठाचे नाव द्यावे.

एवढ्याने भागले नाही तर वकिलाची नोटीस. बदनामीचा गुन्हा 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम 356 मध्ये येतो. नुकसानभरपाईचा दिवाणी दावा मात्र एका वर्षाच्या आत लावावा लागतो. पण लक्षात ठेवा, मालकाने प्रामाणिकपणे दिलेले प्रतिकूल मत म्हणजे बदनामी नव्हे. खोटेपणा दाखवता आला पाहिजे. इंग्लंडमध्ये 1994 साली स्प्रिंग नावाच्या विमा प्रतिनिधीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने ठरवले, की असा अभिप्राय देताना मालकाने योग्य ती काळजी घेतलीच पाहिजे.

खाणीत काम करणाऱ्यांनी तर अधिकच जपावे. मेट, फोरमनच्या परीक्षेला बसताना अनुभवाचा दाखला लागतो. भांडण झाल्यावर तो मिळवणे कठीण जाते.

म्हणून मुलांना एवढेच सांगा : काम सोडताना गोड बोलून निघा, पण राजीनाम्याची पोच आणि अनुभवाचा दाखला हातात घेऊनच निघा.