एक डोळा मागे पडला, तर अंतर चुकते

“एका डोळ्याने चांगलं दिसतंय, मग ऑपरेशनची घाई कशाला?” असे वस्तीतले अनेक ज्येष्ठ म्हणतात. पण दोन्ही डोळ्यांचा निरोप मेंदूला एकाच वेळी मिळावा लागतो. मोतीबिंदूमुळे एका डोळ्यात उजेड कमी शिरला, तर त्याचा निरोप पापणी लवण्यापेक्षाही कमी वेळाने, पण उशिराच पोहोचू शकतो. मग आडवी जाणारी वस्तू आहे त्यापेक्षा जवळ किंवा लांब भासते. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल पुल्फ्रिख यांनी १९२२ मध्ये हे मांडले. ते स्वतः एका डोळ्याने अंध होते.

धम्म ‘एहिपस्सिको’ आहे: या, पाहा. दोऱ्याला लिंबू बांधून कुणाला तरी समोर डावी-उजवीकडे झुलवायला सांगा. दोन्ही डोळे उघडे ठेवून एकासमोर गॉगलची काळी काच धरा. नजर चांगली असेल तर सरळ झुलणारे लिंबू गोल फिरताना दिसेल. रस्ता ओलांडताना रिक्षा, मोटारसायकलबाबत अशीच फसगत होऊ शकते.

म्हणून एकेक डोळा झाकून नजर तपासा. धुरकट दिसले तर अंगारा, झाडपाल्याचा रस नको. सरकारी रुग्णालयात जा. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया तिथे मोफत होते. जय भीम!