चौकट : शॉवरचं अडकलेलं कव्हर आणि गळती

सातारा शहराला कास तलावाचं, तर सांगलीला कृष्णेचं पाणी मिळतं. माण, खटाव, जत, आटपाडी या दुष्काळी तालुक्यांत मात्र अनेक घरं बोअरवेलवर चालतात. बोअरचं पाणी जड असलं, की नळाच्या आट्यांत क्षार साचून कव्हर घट्ट बसतं.

• जड पाणी : कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार जास्त असलेलं. भारतीय मानक १०५०० नुसार पिण्याच्या पाण्यात इष्ट मर्यादा लिटरला २०० मिलिग्रॅम. पर्यायी स्रोत नसल्यास ६००.

• फ्लँज : भिंतीलगतचं गोल कव्हर. काही आट्यांचं, काही नुसतं सरकवून किंवा सिलिकॉननं बसवलेलं. आत स्पिंडल किंवा कार्ट्रिज.

• गळती कुठून? जुन्या नळात बहुधा रबरी वॉशर झिजतो. पाव फेऱ्याच्या नळात सिरॅमिक कार्ट्रिज.

• काढण्याचा क्रम : टाकीचा व्हॉल्व्ह बंद. हँडलवरची टोपी आणि स्क्रू काढणं. सिलिकॉन कापणं. व्हिनेगरचं फडकं गुंडाळून ठेवणं. मग पान्याला कापड लावून, आटे असल्यास डावीकडे फिरवणं.

• नासाडी : सेकंदाला एक थेंब, २० थेंबांचा १ मिलिलिटर धरल्यास दिवसाला सुमारे ४.३ लिटर.

खबरदारी : व्हिनेगर आणि ब्लीच एकत्र करू नये, विषारी क्लोरीन वायू तयार होतो.