अनुकंपी मज्जातंतूंचा रासायनिक छेद

मनुष्य भ्याला की त्याचे हृदय धडधडू लागते, कातडीतील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारतात. हे सर्व अनुकंपी मज्जातंतूंच्या प्रेरणेने घडते. एखाद्या मज्जातंतूचे कार्य ओळखण्याचा जुना उपाय म्हणजे तो तोडणे आणि मग शरीरव्यापारात काय उणे पडते ते पाहणे. परंतु अनुकंपी तंतूंच्या शाखा असंख्य ठिकाणी पसरलेल्या असल्यामुळे शस्त्राने त्या सर्व तोडणे अशक्यप्राय असते. येथे रसायनशास्त्र साहाय्यास आले.

या तंतूंची टोके नॉरअ‍ॅड्रेनॅलिन नावाचे द्रव्य सोडून अवयवांस संदेश देतात, आणि त्यातील बराचसा भाग पुन्हा आत ओढून घेतात. ६-हायड्रॉक्सिडोपामिन या रसायनाची घडण त्या द्रव्याशी इतकी मिळतीजुळती आहे की टोके त्यासही आपलेच समजून आत घेतात. आत साचल्यावर त्याचे झपाट्याने ऑक्सिडीकरण होते, त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइडासारखी विघातक द्रव्ये निर्माण होतात आणि टोक नष्ट होते. ज्या पेशींत असा प्रवेशमार्ग नाही, त्या बहुधा बचावतात. हा मार्ग एखाद्या औषधाने आधीच रोखला, तर टोकेही सुरक्षित राहतात.

या रसायनाने उंदराच्या हृदयातील नॉरअ‍ॅड्रेनॅलिन दीर्घकाळ घटते, असे १९६३ साली पोर्टर व त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. त्याचे कारण पुढे स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे त्रान्झर व थोनेन यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने १९६७-६८ मध्ये दाखवून दिले. केवळ साठा रिता झाला नव्हता. साठा करणारी टोकेच ढासळली होती.

या पद्धतीस मर्यादाही आहेत. प्रौढ प्राण्यात मज्जापेशींचे मूळ शरीर जिवंत राहते, म्हणून काही आठवड्यांत नवी टोके फुटतात. अधिवृक्क ग्रंथीचा गाभाही बव्हंशी शाबूत राहून रक्तात अ‍ॅड्रेनॅलिन सोडत असतो. या दोन गोष्टी ध्यानात न घेतल्यास प्रयोगाचा निष्कर्ष फसवा ठरतो.

रक्तातून हे रसायन प्रौढ प्राण्याच्या मेंदूत सहसा शिरत नाही. म्हणून १९६८ साली स्वीडनमध्ये उंगरश्टेड यांनी ते उंदराच्या मेंदूतच सुईने सोडले, तेव्हा तेथील डोपामिनयुक्त पेशी नष्ट झाल्या. कंपवाताच्या रोग्यातही याच जातीच्या पेशींचा ऱ्हास होतो. त्यामुळे त्या रोगावरील औषधे प्रथम प्राण्यांवर पारखून पाहण्याची सोय झाली. तंतूचा नाश करणारे द्रव्य अशा रीतीने रोगनिवारणाच्या कामी लागले.