गाडीच्या इंजिनात टिक-टिक आवाज येतोय? इंजिन खोलण्याआधी हे तपासा

सकाळी दुधाचे कॅन भरले, गाडी चालू केली आणि सीटखालून टिक-टिक-टिक असा शिलाई मशीनसारखा आवाज सुरू झाला. ओम्नी व्हॅन आणि मारुती 800 वापरणाऱ्यांना हा आवाज नवा नाही. ओम्नीचं उत्पादन 2019 मध्ये बंद झालं, तरी खेडोपाडी या गाड्या अजून धावतात. भाजी, दूध, शाळेची पोरं, रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायचा पेशंट, सगळं याच गाडीत. त्यामुळे आवाज आला की मालकाच्या पोटात गोळा येतो. कुणी म्हणतं टापेट वाजतंय, कुणी म्हणतं इंजिन काम निघालं. खरं कारण कसं ओळखायचं, ते समजून घेऊ.

टापेट म्हणजे नेमकं काय?

इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारा एक आणि धूर बाहेर सोडणारा एक, असे प्रत्येक सिलिंडरला किमान दोन व्हॉल्व्ह असतात. ओम्नीचं 796 सीसीचं इंजिन तीन सिलिंडरचं, म्हणजे सहा व्हॉल्व्ह. कॅमशाफ्ट फिरते, तिचा उंचवटा रॉकरचं एक टोक उचलतो, दुसरं टोक व्हॉल्व्ह दाबतं. विहिरीवरच्या हातपंपाच्या दांड्यासारखंच हे काम.

रॉकर आणि व्हॉल्व्हच्या मध्ये थोडी फट ठेवलेली असते, कारण लोखंड तापलं की वाढतं. छोट्या पेट्रोल इंजिनात ही फट साधारण 0.15 ते 0.20 मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे वहीच्या दोन पानांएवढी. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात दिलेला असतो. इंजिन थंड असतानाचा आणि गरम असतानाचा आकडा वेगळा असतो, हे विसरू नये.

झीज होऊन फट वाढली की रॉकर व्हॉल्व्हवर आपटतो आणि टिक-टिक ऐकू येते. इंजिन मिनिटाला 900 फेरे मारत असेल तर कॅमशाफ्ट 450 फेरे मारते. म्हणून एका व्हॉल्व्हचा आवाज सेकंदाला सात-आठ वेळा येतो, रेस वाढवली की त्याच प्रमाणात वाढतो.

आवाज नाही म्हणजे सगळं ठीक, असं नाही

बहुतेकांची फसगत इथेच होते. फट जास्त झाली तर आवाज येतो, पण फट कमी झाली तर काहीच आवाज येत नाही. उलट इंजिन गुळगुळीत वाटतं. मात्र तापल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, तिथून जळता वायू निसटतो, गाडी चढाला ओढत नाही, गरम असताना चालू व्हायला त्रास देते आणि शेवटी सायलेन्सरकडचा व्हॉल्व्ह जळतो. मग हेड उतरवावंच लागतं.

एलपीजी किंवा सीएनजीवर चालणाऱ्या जुन्या गाड्यांत हा धोका जास्त. व्हॉल्व्ह ज्या सीटवर बसतो ती सीट झिजत जाते आणि फट आपोआप कमी होते. म्हणून गॅसवरच्या गाडीचं टापेट आवाजाची वाट न बघता वेळेवर तपासावं. जुने मिस्त्री सांगतात, "थोडं वाजणारं टापेट चालेल, आवळलेलं नको." त्यात तथ्य आहे.

आवाज कुठला, कसा ओळखायचा?

*सगळ्यात आधी ऑइल.* सपाट जागेवर गाडी लावून, इंजिन बंद करून, थोड्या वेळाने ऑइलची काडी बघा. ऑइल कमी असेल तर वरच्या रॉकरपर्यंत पुरेसं पोचत नाही आणि आवाज येतो. चालत्या गाडीत ऑइलचा लाल दिवा लागला तर "गाव दोन किलोमीटरवर आहे" म्हणून पुढे जाऊ नये. तिथेच बंद करावी. नाहीतर बेअरिंग धरतं.

*ठक-ठक की टिक-टिक?* टापेटचा आवाज हलका आणि वरून येतो. खालून जड ठक-ठक येत असेल, चढाला किंवा रेस दिल्यावर वाढत असेल, तर कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग असू शकतं. अशी गाडी चालवू नये, टोचन करून न्यावी.

*फस-फस मिसळलेला आवाज.* थंड इंजिनात जास्त, तापल्यावर कमी होतो, आणि मॅनिफोल्डच्या पॅकिंगजवळ काळी काजळी दिसते. म्हणजे तिथून धूर गळतोय. याला टापेट समजून दुर्लक्ष करणं जीवावर बेतू शकतं. ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. गळणाऱ्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला रंग नाही, वास नाही. काचा लावून बसलेल्या माणसांना आधी डोकेदुखी, गरगर, मळमळ होते, मग शुद्ध हरपू शकते. अशी लक्षणं जाणवली तर लगेच गाडी थांबवून, इंजिन बंद करून मोकळ्या हवेत यावं, दवाखाना गाठावा आणि दुरुस्त होईपर्यंत त्या गाडीत माणसं बसवू नयेत.

*चट-चट.* प्लगच्या वायरमधून ठिणगी उडत असेल तरी आवाज येतो. अंधारात लांबून बघितलं तर निळी ठिणगी दिसते. हात लावू नये. प्लग ढिला असेल तरी टिक-टिक येते.

*इंजेक्टर.* इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत बारीक, एकसारखी टिक-टिक इंजेक्टरची असते. ती नेहमीची आहे.

जागा शोधायला लांब डिसमिसचं टोक टापेट कव्हरवर टेकवून मूठ कानाला लावतात. त्याऐवजी रबरी पाइपाचं एक टोक कानाशी धरलं तरी चालतं. मात्र पंखा आणि बेल्टपासून उपरणं, ओढणी, पदर, सैल बाही लांब ठेवा.

टापेट सेटिंग कसं करतात?

गाडी रात्रभर उभी असावी. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक वर, चावी काढलेली, बॅटरीची निगेटिव्ह वायर सुटी. टापेट कव्हर काढण्याआधी भोवतीची माती कापडाने पुसून घ्यावी. तिन्ही प्लग काढले की इंजिन पान्याने हलकं फिरतं. पुलीचा बोल्ट इंजिन फिरतं त्याच दिशेने फिरवावा, उलटा नाही.

ज्या सिलिंडरचं काम करायचं त्याचा पिस्टन कॉम्प्रेशनला अगदी वर हवा. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवला तर हवा जोरात ढकलते, त्यानंतर पिस्टन वर आला की थांबायचं. त्या वेळी त्या सिलिंडरचे दोन्ही रॉकर हाताने किंचित हलतात. हलत नसतील तर बहुधा एक फेरा चुकलाय. दुसरा पुरावा मिळाल्याशिवाय स्क्रूला हात लावू नये, कारण फट संपली असली तरी रॉकर हलत नाही.

आता पुस्तकातल्या आकड्याची फिलर गेजची पात फटीत घालायची. किंचित ओढ लागून सरकली तर बरोबर. सैल किंवा अडकत असेल तर लॉकनट ढिला करून डिसमिसने स्क्रू फिरवायचा. मग स्क्रू धरून ठेवून नट आवळायचा आणि पात पुन्हा घालून बघायची. नट आवळताना स्क्रू थोडा फिरतो आणि माप बदलतं. नवशिके इथेच चुकतात. असेच पुढचे दोन सिलिंडर. कव्हरचं पॅकिंग कडक झालं असेल तर बदलावं, नट जास्त आवळू नयेत, नाहीतर ऑइल गळतं.

माप बरोबर असूनही आवाज राहिला तर रॉकरचं टोक किंवा शाफ्ट झिजलेली असू शकते. टोकाला खळगा पडला की पात त्याच्या कडांवर टेकते, माप बरोबर दिसतं, आत फट मात्र जास्त असते. स्क्रू आणखी आवळून हा आवाज दाबू नये.

प्रत्येक गाडीला हे लागू नाही

काही गाड्यांत हायड्रॉलिक टापेट असतं, ते ऑइलच्या दाबाने स्वतःच फट भरतं. रात्रभर उभी राहिल्यावर चालू करताना काही सेकंद वाजून बंद झालं तर घाबरायचं कारण नाही. काही इंजिनांत स्क्रूऐवजी मापाची चकती बदलावी लागते. आपल्या गाडीत काय आहे हे आधी विचारून घ्यावं.

गॅरेजला जाताना आवाज थंड इंजिनात येतो की गरम, रेस दिल्यावर वाढतो का, ऑइल कधी बदललं, एवढं सांगितलं तरी मिस्त्रीचं अर्धं काम होतं. आणि कुणी ऐकल्या ऐकल्या "इंजिन बांधावं लागेल" म्हणालं, तर आधी ऑइलची काडी आणि टापेटचं माप आपल्यासमोर बघायला सांगावं.