पत्र्याला भोक कुठे पाडायचं?

अर्धा मिलिमीटर जाडीचा लोखंडी पत्रा छपरावर चढवला की चौरस मीटरला त्याचं वजन जेमतेम पाच किलो भरतं. मुंबईसाठी भारतीय मानकात वाऱ्याचा मूळ वेग धरलाय सेकंदाला ४४ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १५८ किलोमीटर. या वेगाच्या वाऱ्याचा दाब काढला तर तो चौरस मीटरला ११८ किलोच्या घरात जातो. आणि हा वारा छपराला खाली दाबत नाही. कमी उताराच्या छपरावरून तो सुसाट जाताना पत्र्याला वर ओढतो. कडेला आणि कोपऱ्यांत ही ओढ मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते. त्यात एखादी खिडकी फुटून वारा घरात शिरला, तर खालूनही ढकलणं सुरू होतं. पाच किलोच्या वस्तूला शंभर-दोनशे किलोंची ओढ लागत असताना जागेवर ठेवायचं, हे पत्र्याचं छप्पर आखणाऱ्याचं पहिलं काम. पावसाचा विचार त्यानंतर.

आता पत्रा धरून ठेवायचा तर त्याला भोकं पाडावी लागतात. आणि पाणी अडवायचं तर त्याला एकही भोक नको. पत्र्याच्या छपराची सगळी विद्या या भांडणातून निघाली आहे. रंग, चकाकी, पंचवीस वर्षांची हमी या गोष्टी विकणाऱ्याच्या. गळतं ते छप्पर भोकापाशी गळतं आणि उडतं तेही भोकापासूनच उडायला लागतं.

पत्र्याला पन्हळी पाडण्याची कल्पना हेन्री रॉबिन्सन पामर या इंग्रज अभियंत्याची. लंडनच्या गोदी कंपनीत तो नोकरीला होता. डोकं विलक्षण चालायचं: लंडनची स्थापत्य अभियंत्यांची संस्था १८१८ मध्ये उभी करणाऱ्यांत तो होता आणि एका रुळावर चालणाऱ्या गाडीचं पेटंट त्याने १८२१ मध्येच घेतलं होतं. १८२९ मध्ये त्याने पन्हळी पत्र्याचं पेटंट घेतलं आणि गोदीतल्या टर्पेंटाइनच्या गोदामावर तसं छप्पर घातलं. सपाट पत्रा स्वतःच्या वजनानेही लवतो. त्याच पत्र्याला १९ मिलिमीटर खोलीच्या लाटा पाडल्या की अर्धा मिलिमीटर जाडीला त्याचा ताठपणा हिशेबाने दोन हजार पटींहून जास्त वाढतो. धातू मात्र थोडाच जास्त लागतो. इतक्या कमी खर्चात इतकी ताकद देणारी युक्ती बांधकामात दुसरी मला तरी आठवत नाही.

पामरचा पत्रा घडीव लोखंडाचा होता आणि गंजाने त्याचा जीव थोडक्यात जायचा. १८३७ मध्ये स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच माणसाने लोखंड वितळलेल्या जस्तात बुडवण्याचं पेटंट घेतलं आणि आज ज्याला आपण जीआय पत्रा म्हणतो तो जन्माला आला. जस्ताची गंमत अशी की ते लोखंडाला नुसतं झाकत नाही. ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं तरी शेजारचं जस्त आधी स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. कापलेली कड किंवा स्क्रूच्या भोकाचा काठ लगेच गंजत नाही तो यामुळेच. म्हणजे भोकाची पहिली डागडुजी रसायनशास्त्राने परस्पर करून ठेवली.

आपल्याकडे पत्रा आला तो कौलांच्या राज्यात. मंगळूरला बासेल मिशनच्या लोकांनी १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला आणि ती मंगळुरी कौलं कोकण-गोव्यात घरोघर चढली. एक कौल दोन-अडीच किलोचं, चौरस मीटरला पंधराच्या आसपास. म्हणजे छपराचं वजन पस्तीस-चाळीस किलो. शिवाय कौलांच्या फटींतून हवा खेळते, त्यामुळे वरचा आणि खालचा दाब बराचसा सारखा होतो. वाऱ्याशी कौलारू घराचा व्यवहार असा होता: थोडं वजन, थोडी वाट. भिंतीवर सर, म्हणजे आडवी तुळई, ठेवायचा, त्यावर वासे, त्यावर रिपा, त्यावर कौलं. सर भिंतीला बांधलेला नसला तरी चालायचं, कारण वरचं ओझंच त्याला दाबून ठेवायचं.

मग माकडं आली. कोकणात पत्र्याचा प्रसार कोणी केला असं विचारलं तर मी आधी वानरांचं नाव घेईन आणि मग कंपन्यांचं. एक टोळी आढ्यावरून पळत गेली की पंचवीस-तीस कौलांचा चुरा. दर वैशाखात शाकारणी करायची तर माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि रिपांना वाळवी लागलेलीच असते. तेव्हा कौलं उतरवून पत्रा घातला जातो. फक्त या अदलाबदलीत घरावरचं चौरस मीटरमागे तीसेक किलो वजन नाहीसं झालं, हवेची वाट बंद झाली, आणि सर मात्र जांभ्याच्या भिंतीवर पूर्वीसारखाच नुसता टेकलेला राहिला. याचा हिशेब सहसा कोणी करत नाही.

तो हिशेब एका शहराने फार मोठी किंमत देऊन केला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन आहे. १९७४ च्या नाताळात, २४ डिसेंबरच्या रात्री आणि २५ च्या पहाटे, तिथे ट्रेसी नावाचं चक्रीवादळ आलं. विमानतळावरच्या यंत्राने ताशी २१७ किलोमीटरचा झोत नोंदवला आणि मग यंत्रच मोडलं. सकाळी पाहिलं तर ७० टक्क्यांहून जास्त इमारती गेलेल्या. माणसं दगावली, आणि तीस हजारांहून जास्त लोकांना शहर सोडावं लागलं. डार्विनची घरं बव्हंशी पन्हळी पत्र्याच्या छपराची होती आणि ते पत्रे काही निष्काळजीपणे ठोकलेले नव्हते. त्यांची चाचणी झालेली होती. एवढं वजन लावून ओढलं, सुटला नाही, म्हणजे पास.

वादळानंतर जॉर्ज वॉकर या अभियंत्याने आणि इतरांनी ते विखुरलेले पत्रे तपासले. बऱ्याच ठिकाणी स्क्रू पर्लिनमध्ये, म्हणजे पत्र्याखालच्या आडव्या पट्टीत, जसाच्या तसा रुतलेला होता. गेला होता तो पत्रा. स्क्रूच्या डोक्याभोवती पत्र्याला तडे गेले होते, ते वाढत गेले होते, आणि शेवटी पत्रा स्क्रूच्या डोक्यावरून निसटून निघाला होता. वारा एकदाच ओढत नाही. तो ओढतो, सोडतो, पुन्हा ओढतो, तासन् तास. प्रत्येक झोताला स्क्रूभोवतीची पन्हळ वर-खाली वाकते. तार पुन्हा पुन्हा वाकवून तोडावी तसा तो पत्रा तुटला होता. जो भार एकदा लावला तर पत्रा हसत पेलला असता, त्याहून बऱ्याच कमी भाराने तो हजारो हेलकाव्यांनंतर फाटला. त्यात पत्रा उच्च ताकदीच्या पोलादाचा आणि म्हणून पातळ केलेला. असा पत्रा अशा हेलकाव्यांना विशेष कच्चा ठरला. एक पत्रा सुटला की शेजारच्याची कड उघडी पडते, घरात वारा भरतो, आणि पुढचं काम वादळाला सोपं जातं.

डार्विन पुन्हा बांधताना नियम बदलले. पत्रा आणि स्क्रू यांच्या जोडीला आधी दहा हजार वेळा भार देऊन सोडायचा आणि त्यानंतर आराखड्यातल्या भाराच्या १.८ पट ओढून पाहायचं, अशी चाचणी आली. स्क्रूखाली मोठी चकती, कडेला आणि आढ्याशी जास्त स्क्रू, आणि छपरापासून थेट पायापर्यंत लोखंडी सळयांनी बांधणी. टाउन्सव्हिलच्या जेम्स कुक विद्यापीठात १९७७ पासून चक्रीवादळांसाठी वेगळं चाचणी केंद्रच चालतं. भोकाच्या भोवतालच्या दोन इंच पत्र्यावर जगात इतका अभ्यास झाला असेल याची कल्पना आपल्या नाक्यावरच्या शेड बांधणाऱ्याला नसते, आणि त्याला दोष देण्यात अर्थही नाही.

त्याच्यापुढचा प्रश्न साधा असतो: भोक पन्हळीच्या माथ्यावर पाडायचं की खोलगटात? पाणी खोलगटातून वाहतं, म्हणून माथा कोरडा. जुने जे-हुक माथ्यावरूनच घेतले जायचे. पण माथ्यावर पत्रा आणि पर्लिन यांच्यात पोकळी राहते. स्क्रू जास्त आवळला तर माथा चेपतो, सैल ठेवला तर पत्रा खडखडतो. खोलगटात स्क्रू घेतला तर पत्रा पर्लिनला घट्ट बसतो, पण ते भोक चार महिने वाहत्या पाण्याखाली असतं आणि सगळी भिस्त एका रबरी वायसरवर राहते. छपरासाठी माथा आणि भिंतीसाठी खोलगट, ही रीत मला पटते. मात्र मग मोजून स्क्रू घेणारा हात हवा. वायसर किंचित फुगलेलं दिसलं पाहिजे. चेपून बाहेर आलं तर दोन उन्हाळ्यांत फाटतं. पूर्वीची डांबरी वायसरं वाळून भुगा व्हायची. आताचं इपीडीएम रबर ऊन बरंच सोसतं. सगळ्यांत वाईट भोक असतं ते हुकलेलं. पर्लिन चुकवून स्क्रू आत गेला, कारागिराने तो काढून अर्ध्या इंचावर दुसरा मारला, आणि पहिल्या भोकावर बोटभर सिलिकॉन फासलं. पावसाळ्यात घरमालक शोधत असतो ते हेच भोक.

पत्र्याला ऊनही एका जागी बसू देत नाही. मे महिन्यात दुपारी छप्पर ६५ अंशांपर्यंत तापतं आणि पहिली सर पडली की मिनिटांत पंचविशीवर येतं. बारा मीटर लांबीचा पत्रा एवढ्या फरकाने जवळजवळ सहा मिलिमीटर आखडतो. दोन्ही टोकांना स्क्रूने जखडलेला पत्रा मग भोकं लांबवून आपली सोय करून घेतो. जोड टाळायला लांब पत्रा बरा, म्हणून लोक आढ्यापासून वळचणीपर्यंत एकसंध पत्रा मागतात. पण लांबी वाढली की हे आखडणं वाढतं, आणि तसा पत्रा घेऊन ट्रक घाटाच्या वळणावर अडकतो ते वेगळंच. दोन पत्र्यांचा जोड घ्यावाच लागला तर निदान दीडशे मिलिमीटरचा लॅप हवा, उतार कमी असेल तर त्याहून जास्त. बाजूच्या लॅपचं तोंड पावसाळी वाऱ्याकडे पाठ करून असावं. कोकणात वारा पश्चिमेचा आणि नैर्ऋत्येचा, म्हणून आढं पूर्व-पश्चिम असेल तर पत्रे पूर्वेकडून घालत यायचं. चांगल्या पत्र्याच्या कडेला आतून एक बारीक खाच असते. दोन पत्र्यांच्या चिकटलेल्या फटीतून पाणी आपोआप वर चढतं, ते त्या खाचेत येऊन थांबतं. नवख्याला ती खाच कारखान्यातली खोट वाटते.

मुलाम्याबद्दल थोडक्यात. अमेरिकेच्या बेथलहेम स्टीलने १९७२ मध्ये बाजारात आणलेला गॅल्व्हल्युम, म्हणजे ५५ टक्के ॲल्युमिनियम, ४३.४ टक्के जस्त आणि बाकी सिलिकॉन, हा साध्या जस्तापेक्षा दुप्पट-तिप्पट टिकतो. पण त्याला ओलं सिमेंट चालत नाही, तांब्यावरून वाहून आलेलं पाणी चालत नाही, आणि गोठ्यातली अमोनियाची हवाही मानवत नाही. समुद्राकाठी आधी गंजतो तो वळचणीचा खालचा भाग, कारण तिथे मीठ साठतं आणि ते धुवायला पाऊस पोचत नाही. पत्रा कापायला ग्राइंडर वापरला तर कडेचा मुलामा जळतो आणि उडालेल्या ठिणग्या शेजारच्या पत्र्यात रुतून आठवड्याभरात तांबूस ठिपके उठतात. कात्रीने कापा असं सांगून पाहावं.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं. ट्रेसीच्या निम्म्याच्या आसपासच्या वेगाचं. श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या पट्ट्यात कौलं उडालीच, पण पत्र्यांचं उडणं निराळं होतं. कौल उडून अंगणात पडतं. पत्रा पर्लिनसकट जातो, कारण स्क्रूने पर्लिन धरून ठेवलेली असते आणि पर्लिनला मात्र कोणीच धरलेलं नसतं. साखळीतली पहिली कडी मजबूत केली की ती तुटण्याचं काम पुढच्या कडीवर ढकलते, एवढंच. भिंतीवर टेकलेला सर इथे कामी आला नाही. नंतर गावोगाव पत्रे मिळेनासे झाले आणि मिळाले ते बहुतेक त्याच सरांवर पुन्हा चढले. पुढच्याच वर्षी मे महिन्यात तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. वाऱ्याच्या भारासाठीच्या २०१५ च्या भारतीय मानकात चक्रीवादळाचा वाढीव गुणक पूर्व किनाऱ्याला आणि गुजरातला आहे, कोकणाला नाही. तिथेही तो कारखान्याला १.१५ आणि इस्पितळासारख्या इमारतीला १.३० असून साध्या घराला एकच, म्हणजे नसल्यासारखा. कोकणातल्या घराने आपली तजवीज आपणच करावी: सर भिंतीतून खाली आणलेल्या सळईने बांधावा, कडेच्या मीटरभर पट्ट्यात स्क्रू दुप्पट घ्यावेत. संपूर्ण छपराच्या खर्चात हा खर्च नगण्य असतो.

भोकच नको म्हणणारा मार्गही आहे. दोन पत्र्यांच्या कडा उभ्या करून एकमेकींत दुमडायच्या आणि आत लपलेल्या क्लिपांनी त्यांना धरायचं. स्क्रू क्लिपला लागतो, क्लिपवर पुढचा पत्रा येतो, त्यामुळे पाण्याला एकही भोक दिसत नाही. क्लिप सरकती असली तर आखडणंही सांभाळलं जातं. शिसं, तांबं आणि जस्त यांच्या जुन्या युरोपीय छपरांतून ही रीत आली. पॅरिसच्या जस्ताची छपरं घालणाऱ्या कारागिरांच्या कौशल्याला युनेस्कोने २०२४ मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. आपल्याकडे विमानतळ, मॉल, मोठे कारखाने यांवर ही दुमडीची रीत दिसते. दुमडण्याचं यंत्र आणि ते चालवणारा हात दोन्ही लागतात, म्हणून घरापर्यंत ती अजून उतरलेली नाही.

आणि सध्या छपरांवर सौर पॅनल चढताहेत. फेब्रुवारी २०२४ च्या सूर्यघर योजनेनंतर तर वेगाने. दुमडलेल्या कडांच्या छपरावर पॅनलची चौकट चिमट्यांनी बसते, भोक लागत नाही. स्क्रूच्या छपरावर मात्र नवी भोकं आली, आणि पॅनलखालून वर ओढणारा वारा आता त्याच जुन्या पर्लिनवर आला. गळायला लागलं की सोलरवाला म्हणतो पत्रा जुना होता, पत्रेवाला म्हणतो भोकं त्याने पाडली. काम ठरवतानाच भोकं पर्लिनवर, माथ्यावर आणि पत्रेवाल्याच्या हातूनच पाडली जातील, असं कागदावर लिहून घ्यावं.